पोटातून पोखरलेलं जहाज

ठोकळ्यांच्या ढिगात हात घालून हवा तो तुकडा शोधताना जो आवाज होतो, तो ज्या घरात लेगो आहे त्या घराला वर्णन करून सांगावा लागत नाही. कुणीतरी पत्र्यावर खडी ओततंय, मध्येच थांबतंय, पुन्हा ओततंय. गेलं वर्षभर आमच्याकडे हा आवाज आहे. सकाळी उठल्या उठल्या धाकट्याचा, दुपारी आजोबांचा (म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तो जरा सावकाश), रात्री सगळं आवरून झालं की नवऱ्याचा. थोरली आवाज करत नाही. ती ढीग चादरीवर पसरते आणि नुसती बघत बसते. मग हात पुढे करून नेमका हवा तो तुकडा उचलते. हे कसं जमतं असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सगळे शोधता. मी बघते." चौदाव्या वर्षी माणसं असंच बोलतात, पण त्यात तथ्य होतं हे वर्गीकरणाच्या भानगडीत पडल्यावर मला कळलं.

सुरुवात काही ठरवून झाली नव्हती. नवऱ्याच्या लहानपणीचा एक डबा कपाटावरून खाली आला आणि त्याच सुमारास धाकट्याला कुणीतरी वाढदिवसाला नवा संच दिला. डब्यातल्या विटा चाळीस वर्षांच्या आतबाहेरच्या. पांढऱ्या होत्या त्या उजेडाने पिवळट पडलेल्या, एकदोघींवर दातांच्या खुणा. (कुणाच्या, हे नवऱ्याने अजून कबूल केलेलं नाही.) धाकट्याने नव्या संचातली एक वीट उचलली आणि त्यातल्या एका म्हातारीवर दाबली. टक्. बसली. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, तो पुढच्या विटेकडे वळला. आम्ही मोठे मात्र बघत राहिलो. फोनची पिन दर काही वर्षांनी बदलते, घरातल्या निम्म्या वस्तूंचं झाकण हरवलं तर तसं दुसरं मिळत नाही, आणि इथे बापाच्या विटेवर मुलाची वीट बिनबोभाट बसली.

त्या टक्-मागे १९५८ हे साल आहे. लेगो कंपनीचे संस्थापक, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसन १९३२ पासून लाकडी खेळणी करत. प्लॅस्टिकच्या विटा त्यांनी १९४९ मध्ये काढल्या, त्याही ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांचे किडीक्राफ्टचे ठोकळे समोर ठेवून. वरून त्या आजच्यासारख्याच दिसत, पण आतून पोकळ. एकीवर एक बसत, धरून मात्र ठेवत नसत. घर उचललं की भिंत हातात आणि छप्पर जमिनीवर. २८ जानेवारी १९५८ रोजी त्यांच्या मुलाने, गॉटफ्रेडने, पेटंटसाठी अर्ज केला तो विटेच्या पोटात नळ्या बसवण्याच्या युक्तीसाठी. पुढच्याच मार्चमध्ये वडील वारले. माप तेव्हा ठरलं ते ठरलं.

वीट उलटी करून बघावी. दोन बाय चारची वीट म्हणजे जिच्या माथ्यावर चार-चारच्या दोन ओळींत आठ बटणं, म्हणजे गोल उंचवटे, असतात ती. तिच्या पोटात मधोमध तीन नळ्या असतात. खालच्या विटेची आठ बटणं आत शिरतात तेव्हा कोपऱ्यातलं बटण दोन भिंती आणि एक नळी यांच्यात सापडतं, आणि मधलं बटण एक भिंत आणि दोन नळ्या यांच्यात. म्हणजे कुठलंही बटण घ्या, त्याला तीन ठिकाणी पकड. जागा बटणापेक्षा किंचित तंग ठेवलेली असते. प्लॅस्टिक तेवढंच फाकतं आणि पुन्हा मूळ जागी यायला बघतं, ती ओढ म्हणजे ही पकड. १९६३ पासून त्यासाठी एबीएस प्लॅस्टिक वापरतात. त्याआधीचं सेल्युलोज ॲसिटेट काळाने वाकडंतिकडं होई, आणि वाकडी वीट म्हणजे केराच्या टोपलीचीच धन.

मला मात्र यातली करामत धरण्यात वाटत नाही, सुटण्यात वाटते. घट्ट धरायला गोंद आहे, स्क्रू आहे. पण पाच-सहा वर्षांच्या पोराच्या बोटांना सोडवता यावं इतपतच घट्ट, आणि कितीही वेळा सोडवून बसवलं तरी तितकंच घट्ट, हे जमवायला डोकं लागलंय. बांधायचं खेळणं म्हणून जे विकतात ते मुळात मोडायचं खेळणं आहे, असं माझं वर्षभरात ठाम मत झालंय. घरात ते सगळ्यांना मान्य नाही.

आजोबांना तर आधी काहीच मान्य नव्हतं. ते मेकॅनोवाले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं ते खेळणं: पत्र्याच्या पट्ट्या, अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं, नट, बोल्ट, पाना. "नुसतं दाबून बसवलं, त्याला काय बांधकाम म्हणायचं? कसायला नको काही?" असं म्हणून ते पेपरात डोकं घालायचे. त्यांना वश करायला मी एक दिवस सगळा ढीग त्यांच्यापुढे ओतला आणि म्हटलं, "बाबा, एवढं जरा निवडून द्याल का?" माणूस इतकी वर्षं भांडारात नोकरी करून निवृत्त झालेला. बसले ते आजतागायत उठलेले नाहीत.

वर्गीकरण हा या छंदाचा अर्धा भाग आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. आम्ही सगळ्यांसारखेच आधी रंगावर गेलो. लाल एका डब्यात, निळं एका डब्यात. दिसायला देखणं, वापरायला निरुपयोगी. लाल तुकड्यांच्या डब्यात एक इवलासा लाल तुकडा शोधून बघावा म्हणजे कळेल. डोळा रंग चटकन वेचतो, आकार वेचायला त्याला कष्ट पडतात. म्हणून कष्टाचं काम आधीच करून ठेवायचं: आकाराप्रमाणे डबे लावायचे आणि रंग डोळ्यावर सोडायचा. जगभरचे मुरलेले लेगोवाले शेवटी याच निष्कर्षाला येतात. आजोबा तिथवर आठवड्याभरात आले आणि मग पुढे गेले. त्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: "बिजागऱ्या", "चाकं व चाकांचे नातेवाईक", "पारदर्शक (फक्त धुतलेले)", आणि सगळ्यात मोठ्या डब्यावर "कशातच न बसणारे".

रोज मागामागी करायची तर नावं लागतात. अधिकृत नावं लांबलचक आणि कुणाच्या लक्षात न राहणारी, तेव्हा घरची पडली. सगळ्यात छोटी गोल चकती ती टिकली. एक बाय दोनच्या पट्टीवर दोनाऐवजी मधोमध एकच बटण असतं, तो एकडोळ्या. त्याच्यामुळे वरचं बांधकाम अर्ध्या बटणाने सरकवता येतं, म्हणून त्याला आमच्यात फार मान. ज्या एका बटणाच्या विटेच्या तोंडावरही एक बटण असतं, ती नाकाडी. "आजोबा, चार नाकाड्या आणि एक काळा एकडोळ्या द्या" असं धाकटा ओरडतो आणि पाहुणे दचकतात.

तो स्वतः मात्र वर्गीकरणाच्या विरुद्ध आहे. त्याने एक टोपली न निवडलेली राखून ठेवलीय आणि तिला आजोबांना हात लावू देत नाही. मला आधी हा हट्ट वाटला. मग एकदा बघितलं, तो गाडी बांधायला बसला होता. हाताला राखाडी कमान लागली, ती चाकावर आडवी पडली, आणि गाडीचा देवमासा झाला. चाकांवर चालणारा. डब्यांतून हवं ते सापडतं, पण फक्त हवं तेच सापडतं. त्या टोपलीबाबत मी आता धाकट्याच्या बाजूने आहे.

या दोघा भावंडांचं एक भांडण सांगण्यासारखं आहे. दोन बाय चारच्या दोन सारख्या विटा एकमेकींवर किती प्रकारे बसतात? धाकटा बसवत गेला, मांडत गेला, विसाच्या पुढे गेला आणि मग "हा आधी झालाय", "नाही झालाय" यावरून जुंपली. थोरलीने कागद घेतला. दोन्ही विटा समांतर ठेवल्या तर वरची लांबीत सात आणि रुंदीत तीन जागी बसते, म्हणजे २१. काटकोनात ठेवली तर पाच गुणिले पाच, २५. एकूण ४६. पण जोडी अर्धी गिरकी देऊन फिरवली की त्यातल्या बहुतेक रचना दुसऱ्या एखाद्या रचनेसारख्याच होतात. फक्त दोनच, बरोबर मध्यावर बसलेल्या, स्वतःसारख्याच राहतात. ४४ चे झाले २२, अधिक त्या दोन: २४. बरोबर उत्तर २४ च आहे. तीन विटांना ते १,०६० होतं. सहा विटांसाठी कंपनी वर्षानुवर्षं १०,२९,८१,५०० असा आकडा सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठाचे गणिती सोरेन आयलर्स यांच्या लक्षात आलं की तो फक्त सहा मजली मनोऱ्यांचा आहे. एका मजल्यावर दोन-तीन विटा शेजारी आल्या तर? तेही धरून संगणकाकडून मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला ९१,५१,०३,७६५. धाकट्याने तो ऐकला, हातातल्या सहा विटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग मी विसावर थांबलो ते बरंच झालं."

आता जहाज. नवऱ्याने स्वतःसाठी म्हणून आणलेला हा एकच संच. शिडांचं, तपकिरी अंगाचं, तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज. पुस्तिका पुढ्यात ठेवून तो रात्री रात्री बसायचा. त्या पुस्तिकेत शब्द नसतात, फक्त चित्रं आणि बाणांच्या खुणा, आणि दिवसभर शब्दांतच बुडालेल्या माणसाला ती शांतता हवीहवीशी वाटते हे मला समजतं. पण पुस्तिका बघून बांधणं आणि मनाने बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीत मला गोडी नाही. जहाज पुरं झालं, फळीवर चढलं, आणि त्याच्याकडे बघायचं एवढंच उरलं. त्यावर धूळ बसते. बटणांच्या मधली धूळ फडक्याने निघत नाही, त्याला रंगाचा मऊ ब्रश लागतो. घरात सरळ दोन तट पडले. नवरा म्हणतो, एवढं बांधलेलं मोडायचं म्हणजे काय? मी म्हणते, त्यातल्या कित्येक विटा वर्षभर एकाच जागी उभ्या आहेत, ही त्यांना शिक्षा आहे.

बांधणी चालू असताना थोरली त्याच्या शेजारी बसून असायची. तिने एक गोष्ट हेरून ठेवली होती. मोठ्या प्रतिकृतींच्या पोटात, जिथे बाहेरून काही दिसत नाही तिथे, मुद्दाम भलत्याच रंगांचे तुकडे असतात. लाल, पिवळे, हिरवे, निळे. पुस्तिका बघताना कुठला तुकडा कुठे जातो हे पटकन कळावं म्हणून. सगळं तपकिरीच दिलं तर माणूस चुकेल. म्हणजे बाहेरून गंभीर तपकिरी दिसणाऱ्या त्या जहाजाच्या आत जत्रा भरलेली होती, आणि थोरलीला ती कुठे भरलीय हे तोंडपाठ होतं.

तरीही काही दिवस ते सुखरूप राहिलं. अडचण आली ती नवे संच बंद झाल्यावर. ते कसे बंद झाले तेही सांगते. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी 'टोकियो एक्स्प्रेस' नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ एका प्रचंड लाटेने कलंडता कलंडता वाचलं. ६२ कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते, आणि योगायोग असा की त्यातले पुष्कळसे समुद्राच्याच विषयाचे: पाण्यात बुडी मारणाऱ्यांचे पायपंख, जीवरक्षक जाकिटं, समुद्री गवत, ऑक्टोपस. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते आजही सापडतात आणि काळा ऑक्टोपस मिळाला तर वेचणाऱ्यांचा दिवस सोन्याचा होतो. मी ही गोष्ट मुलांना गंमत म्हणून सांगितली. थोरलीने त्याच्या पुढचं शोधून काढलं. २०२० मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी किनाऱ्यावर वाहून आलेल्या जुन्या विटा आणि जपून ठेवलेल्या तशाच विटा यांची झीज ताडून पाहिली आणि अंदाज मांडला की समुद्रात एक वीट १०० ते १,३०० वर्षं टिकू शकते. "आई, तेराशे," ती म्हणाली. तिने जेवताना हा विषय काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, आणि ठराव मंजूर होऊनच थांबला: घरात आहे तेवढ्यात भागवायचं. नवीन संच नाही. धाकट्याने तोंड वाकडं केलं, पण मत बाजूने दिलं.

मग थोरलीने क्रेन बांधायला घेतली आणि चणचण म्हणजे काय ते कळलं.

क्रेनचं काम आजोबा आणि तिच्यात चाललं होतं. दातेरी चाकांचा हिशेब मोठा सुरेख आहे. दोन चाकांच्या दातांची बेरीज करायची आणि १६ ने भागायचं. येईल तितकी बटणं त्यांच्या आसांमध्ये अंतर. ८ आणि २४ दाते, दोन बटणं. ८ आणि ४०, तीन बटणं. २४ आणि ४०, चार. एक बटण म्हणजे ८ मिलिमीटर. आडवं हे सहज जमतं, कारण भोकांच्या विटेतली भोकंही आठ-आठ मिलिमीटरवरच असतात. उभं जमेना. विटेची उंची ८ नव्हे, ९.६ मिलिमीटर. भोकांच्या दोन विटा एकमेकींवर ठेवल्या तर चाकं एकमेकांत घुसायला बघतात, मध्ये आणखी एक वीट घातली तर अंतर १९.२ होतं आणि दात पोहोचत नाहीत. दोन संध्याकाळी यातच गेल्या. आजोबांनी शेवटी चष्मा पुसला, मोजपट्टी काढली आणि पातळ प्लेट मोजली: ३.२. तीन प्लेटा म्हणजे एक वीट, हे धाकट्यालाही माहीत असतं. पण वीट आणि दोन प्लेटा? ९.६ अधिक ३.२ अधिक ३.२. सोळा. म्हणजे बरोबर दोन बटणं. थोरलीने भोकांच्या दोन विटांमध्ये दोन प्लेटा घातल्या, आठ दात्यांचं चाक चोवीस दात्यांच्या चाकात असं बसलं की फिरवताना आवाजसुद्धा नाही. "अरे, हे आमच्या अर्ध्या इंचाच्या भोकांसारखंच आहे की," आजोबा म्हणाले, "फक्त लपवून ठेवलंय." नट-बोल्टचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही. उचलायच्या दोरीसाठी त्यांनीच मळसूत्री दांडा सुचवला. तो एक वेढा फिरला की मोठं चाक जेमतेम एक दात सरकतं, पण ओझं कितीही खाली ओढत असलं तरी चाक दांड्याला उलटं फिरवू शकत नाही. हात सोडला तरी आकडा जागचा हलत नाही. धाकटा त्याला देवमासा टांगून ठेवतो.

क्रेन उंच होत गेली तसे लांब पट्ट्या आणि भोकांच्या विटा संपत आल्या. पुढचं ओळखू येईलच. जहाजाचं मागचं दार उघडतं. तिथून हात जातो. आधी एक लाल पट्टी गेली, मग दोन पिवळ्या, मग मधला सगळा हिरवा थर. बाहेरून बघाल तर काहीही फरक नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण मी मोडणाऱ्यांच्या तटातली; मी कशाला बोलू? आजोबा भांडारातले असल्यामुळे त्यांना बिननोंदीचा माल बाहेर गेलेला चालेना. त्यांनी एका वहीत तारीखवार लिहून ठेवलं: काय काढलं, कुठून काढलं, कुणी नेलं.

एका रविवारी नवऱ्याने ब्रश मारायला जहाज उचललं. नेहमीच्या सवयीने जोर लावून उचललं आणि हात जवळजवळ कपाळापर्यंत गेला.

"हे हलकं कसं झालं?"

कुणी बोललं नाही. आजोबांनी उठून वही आणून दिली. तो उभ्यानेच वाचत राहिला, पान उलटलं, पुन्हा मागचं पान बघितलं. मग दिव्याखाली जाऊन मागच्या दारातून आत डोकावला. मला वाटलं आता ठिणगी पडणार. तो म्हणाला, "मधला कणा काढू नका, नाहीतर दोन तुकडे होतील. आणि तोफांच्या खालची निळी वीट काढलीत ना, तिच्या जागी काहीतरी टेकू द्या." आणि वहीत खाली सही केली. त्यानंतर त्याच्या स्वतःच्या नावावरही दोन नोंदी झाल्या आहेत. दोन्हींत "परत करायचे" असं कंसात लिहिलंय.

आतली जत्रा आता जवळपास संपलीय आणि मागणी बाहेरच्या अंगापर्यंत आलीय. थोरलीला क्रेनचा हात लांबवायचाय, त्यासाठी तिचा डोळा मधल्या डोलकाठीवर आहे. नवरा म्हणतो, शिडांशिवाय ते जहाज कसं दिसेल? आजोबांनी तोडगा काढला, की बंदराला लागलेलं जहाज शिडं उतरवूनच उभं असतं आणि शेजारी क्रेन आहेच. नवऱ्याने विचार करून सांगतो म्हटलंय. धाकट्याने तोवर बंदराचा लाकडी धक्का बांधायला घेतलाय, आणि त्याला तपकिरी तुकडे काही केल्या पुरत नाहीयेत.